खूणगाठ

तुर्कूत डिसेंबरात तीनलाच दिवे लागतात.
औरा नदीवर बर्फाची पहिली साय आलीय,
बोट लावलं तर मोडेल अशी.
तळघरात द्रव नायट्रोजनच्या टाकीचं झाकण उचललं की
वाफ वर जात नाही,
पायांवर सांडते.

आज चौथी कुपी वितळवली. शेवटून दुसरी.
पेशी जगल्या, वाढल्या,
दोनाच्या चार, चाराच्या आठ,
फक्त बोलेनात.
वर्षानुवर्षं ज्या रात्रंदिवस एकच शब्द घोकत होत्या
त्या आता नुसत्या खातात आणि फुगतात.

क्रमांक सात-ब-अकरा :
अंडाशयातल्या गाठीची खूण ओळखणारं प्रतिपिंड.
चाळीस वर्षांपूर्वी एका पांढऱ्या उंदराची प्लीहा,
आणि तिच्याशी जुळवलेली कर्करोगाची एक पेशी;
ज्याला ओळखायचं
त्याच्याच दारी जाऊन चिरंजीवपण मागून आणलेलं.
तेही पुरलं नाही.

जुन्या वहीत त्या तारखेपुढे निळ्या शाईत एक शब्द आहे.
आम्हा तिघांनाही लागेना.
म्हणून तुओवी लेहतोलाला फोन लावला.
नांतालीत राहते, एक्याऐंशी वर्षांची,
उंदराला टोचणारे हात तिचेच.

"विरजण गेलं म्हण की," ती म्हणाली.
"आई विलीचं विरजण वाटीवाटीनं पुढे चालवायची,
युद्धातसुद्धा मोडू दिलं नाही.
आणि मग एका उन्हाळ्यात गेलंच. कारण नाही काही."
मी शब्दाचा फोटो पाठवला.
बराच वेळ ती काही बोलली नाही, मग हसली.
"दूध, असं लिहिलंय.
घरी न्यायचं की प्रयोगाला लागायचं,
ते आता कोण सांगणार."

बरं, आस्लाकनं वेळेवर वाचून ठेवलं होतं.
पेशी बोलत होत्या तेव्हाच
त्यांच्या तोंडचं अक्षर न् अक्षर उतरवून घेतलेलं.
चारच अक्षरं, मागेपुढे करून.
त्यावरून जनुक नवं घडवून मागवलं,
पाकिटातून आलं, सुकलेलं, डोळ्यांना न दिसणारं,
आणि हॅमस्टरच्या पेशींत घातलं.

ती हॅमस्टर माझ्या जन्माआधीच मेली.
तिचं अंडाशय अजून विभागतंय,
जगभरच्या पोलादी पिंपांत.
बायकांच्या अंडाशयासाठी
एका मुक्या जिवाचं अंडाशय उसनं,
आणि परतफेडीचं कुणी बोलत नाही.

चौदाव्या दिवशी द्रव गाळला, स्तंभातून सोडला.
आम्लाचा घोट दिल्यावर धरलेलं सुटलं,
थेंब थेंब, पाण्यासारखंच स्वच्छ.
मग खुणेसमोर ठेवलं.
रेघ चढली.
आस्लाकनं टेबलावर नुसता तळहात टेकवला.

तुओवीला कळवलं.
"छान," म्हणाली. मग म्हणाली,
"वसंतात माझा आकडा एकतीस आला होता.
तुमच्याच संचावर.
तेव्हा माल पातळ तर नव्हता?"

मी नोंदी काढल्या. तुकडी चारशे अठरा.
"मर्यादेत होता," म्हटलं.
"मर्यादेत कुठे?"
त्या मर्यादा तिनंच आखल्या होत्या एके काळी.
मी सांगितलं : खालच्या काठाला.
पेन्सिल कागदावर चालल्याचं ऐकू आलं.

"गुरुवारी परत रक्त द्यायचंय.
नवं वापराल ना?"
नवं संचात यायला वर्ष लागेल.
पडताळणी, तुलना, परवाने.
"वर्ष," ती म्हणाली,
हातानं कापड मोजतात तसं.

रात्री मी नव्या कुप्या भरल्या, दीडशे.
प्रत्येकीवर नाव, तारीख, क्रमांक, सुटं सुटं अक्षर,
पुढे कुणाला फोन करावा लागू नये म्हणून.
शेवटचीवर जरा थांबले.
कडेला थोडी जागा होती.
निळ्या शाईत लिहिलं :
दूध.